ताणावरची बाग

देवकाबाईकडं पाहुण्याला चहा मिळायचा अर्धा कप, आणि शब्द त्याहून कमी. अनुराधाबाईंचा हात उलटा. चहा बशीत सांडेपर्यंत, बोलणं अंगणाबाहेर जाईपर्यंत. दोघी शाळेतल्या मैत्रिणी. एक लग्न होऊन सौंसरजवळ संत्र्याच्या बागेत आली, दुसरी पांढुर्ण्याला शिक्षिका झाली. पुढं दोघींचेही नवरे गेले. अनुराधाबाई निवृत्त झाल्या तेव्हा देवकाबाईनं फोन केला, "खोली रिकामी हाय. ये." तिच्या मानानं हे भाषणच.

पहिलं वर्ष कुरबुरीत गेलं. अनुराधाबाईंनी तुळशीला इतकं पाणी घातलं की ती कुजली. कुत्र्यांना भाकर टाकली, तर मोहगाव रस्त्यावरची सगळी कुत्री मुक्कामाला आली.

"अनू, गावजेवण घालून राहिली काय वं?"

"आणि तू? भाजीला तेलाचा नुसता वास दाखवतेस!"

हळूहळू जमलं. अनुराधाबाई नळ बंद करायला शिकल्या. देवकाबाई 'बरं झालं' म्हणायला शिकली, तेही भाजीकडं पाहून, मैत्रिणीकडं नाही.

देवकाबाईचा मुलगा कुलदीप नागपूरला. त्याला बाग विकायची होती. दिवाळीत ठरलं, की यंदा बहार आला तर बाग राहील, नाही तर माय नागपूरला. बाग गेली की अनुराधाबाईंची खोलीही गेली. हे कळत दोघींना होतं, बोलून दाखवलं एकीनंच.

संत्र्याला बहार हवा तर थंडीत त्याचं पाणी तोडावं लागतं. पानं मुडपतात, काही गळतात, झाड मरायला टेकल्यासारखं दिसतं. मग पाणी दिलं की ते फुलतं. याला ताण म्हणतात. बाग अशी ताणावर असतानाच देवकाबाईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली.

"मी येईस्तोवर पाण्याले हात लावू नको," एवढं सांगून ती नागपूरला गेली. झाड किती सुकू द्यायचं, ते सांगितलं नाही. सांगणं हा तिच्या हिशेबी वायफळ खर्च.

डोळ्याची सूज उतरेना, मुक्काम लांबला. इकडं पानं रोज जास्त मुडपायला लागली. अनुराधाबाईंनी फोन केला, "देवका, झाडं बघवत नाहीत गं."

"मग पाहू नको," म्हणून तिनं फोन ठेवला.

अनुराधाबाईंना वाटलं, हिला यायला उशीर झालाय, पाणी द्यायची वेळ टळून चाललीय, आणि ही हट्टानं कबूल करत नाही. एका दुपारी त्यांनी मोटर सुरू केली. आळी तुडुंब भरेपर्यंत त्या तिथंच उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांना जेवणही गोड लागलं.

कुलदीप आईला घेऊन आला तेव्हा बाग हिरवीगार होती.

"माय, बाग तर लय भारी दिसून राहिली!"

अनुराधाबाई कौतुकाची वाट बघत फाटकाशी उभ्या. देवकाबाईनं काळ्या चष्म्यातून एक फांदी खाली ओढली, मग दुसरी.

"सारी पालवीच हाय. कळी नाई."

"म्हंजे?" कुलदीपनं विचारलं.

"म्हंजे बहार गेला. ताण अर्ध्यात तुटला."

"पाणी कोणं सोडलं?" कुलदीपनं मावशीकडं पाहिलं. अनुराधाबाईंनी तोंड उघडलं, पण देवकाबाई आधी बोलली.

"मीच सांगतलं होतं फोनवर. माही चूक झाली."

चाळीस वर्षं बाग राखलेली बाई ही. आजूबाजूचे बागाइतदार ताण तोडायच्या आधी तिला विचारून जायचे.

"पाह्य माय," कुलदीप मायेनं म्हणाला, "म्हनूनच म्हनतो, आता तुले झेपत नाई." आणि गिऱ्हाइकाला फोन लावायला रस्त्याकडं गेला.

"खोटं कशाला बोललीस?" अनुराधाबाई फाटक सोडून जवळ आल्या. "माझं नाव सांगून आणखी एक वर्ष मागता आलं असतं."

"नसतं देलं त्यानं. अन् तुले उगाच बोलला असता."

"राग नाही आला माझा?"

"आला ना. लय आला." देवकाबाई बांधावर बसली. "बोलू नको आता. डॉक्टरनं डोयात पाणी येऊ देऊ नको म्हनून सांगतलं हाय."

अनुराधाबाईंना तशी मनाई नव्हती. त्या दोघींच्या वाटणीचं रडल्या, पण तोंडावर पदर धरून, आवाज न करता.

होळीच्या आत सौदा झाला. कुलदीपच्या गाडीत देवकाबाई पुढं बसली. अनुराधाबाई त्याआधीच पांढुर्ण्याच्या बसनं निघून गेल्या होत्या.