गवताला पाय

“मोजे खाली करा, पॅड दिसू देत,” चौथा पंच म्हणाला. स्टेपनी वाकला आणि शाळेत नखं दाखवतात तसे नडगीवरचे पॅड दाखवू लागला. मग बुटांचे तळवे. मग हातमोजे. मी मागे बाकावर तेलाची बाटली मांडीत धरून बसलो होतो आणि मनातल्या मनात पंचाला शिव्या घालत होतो. अरे बाबा, सामना संपत आलाय, घर भाड्यानं घ्यायला आलायस का इतकं तपासायला?

स्टेपनी म्हणजे आमच्या संघाचा राखीव गोलकीपर. गाडीच्या डिकीत पडून असतं त्या चाकावरून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. हाक मारली की तो हसायचा. मी संघाचा मालिशवाला, त्यामुळे सामनाभर बाकावर त्याच्या शेजारी मीच. त्यानं सुस्कारा टाकला तरी कशाचा ते मला कळायचं.

एरवी तो पाणीपुरवठ्याच्या पंपघरात रोजंदारीवर. रोज सकाळी पंप चालू करायचा, व्हॉल्व्ह फिरवायचे आणि उद्या कामावर घेतील की नाही याचा घोर घेऊन घरी जायचं. खेळाडूंच्या कोट्यातून त्याला कायम करायचं साहेबांनी कबूल केलं होतं. अट एकच, प्रादेशिक क्रीडा स्पर्धेत तो प्रत्यक्ष मैदानात उतरलेला हवा. नुसता संघात असून भागणार नव्हतं. एक मिनिट खेळला तरी चालणार होतं, पण खेळायला हवं होतं. आणि ही स्पर्धा काही दर वर्षी येत नाही. पुढची येईपर्यंत वयानं त्याला संघात कुणी घेतलं नसतं.

आमच्या संघात याच्यासाठी एक जुनी पद्धत होती. स्पर्धेतल्या शेवटच्या सामन्यात, जिंकायची खात्री झाली की आमचे कोच, म्हणजे सर, राखीव पोरांना दोन-चार मिनिटं आत सोडायचे. याला आम्ही ‘गवताला पाय लावणं’ म्हणायचो. कितीतरी जणांच्या नोकऱ्या त्या गवतावर उगवल्या होत्या. सरांनी स्टेपनीला शब्द दिला होता. त्याच्या बायकोलाही फोनवर सांगितलं होतं, वहिनी, काळजी करू नका.

उपांत्य सामना आम्ही हातचा घालवला. जिंकत होतो, पण शेवटी घाबरून आमच्याच एकानं चेंडू रेषेबाहेर भिरकावला. समोरच्यांनी तिथून तो आत फेकला आणि गोल केला. मग जादा वेळेत आम्ही हरलो. सर खोलीत तोंड फिरवून पडून राहिले. दुसऱ्या दिवशी पोरांना सरावाला बाहेर काढलं ते स्टेपनीनं. त्यानं एकच गोष्ट घोटून घेतली. आघाडीवर असलो की चेंडू आपल्यातच फिरवायचा, काही झालं तरी बाहेर जाऊ द्यायचा नाही. ज्याच्या पायानं बाहेर गेला त्यानं मैदानाला फेरी मारायची. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. इतका जीव तोडून सराव घेताना मी सरांनाही कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, तू कशाला मरतोस एवढा? तर म्हणाला, ब्राँझ आलं पाहिजे रे.

ब्राँझसाठीचा तो सामना. उत्तरार्ध सुरू झाल्यापासून सर त्याला म्हणत होते, गरम हो. तो रेषेबाहेर पळत होता, उड्या मारत होता, घामानं निथळत होता. पण आघाडी एकाच गोलची, आणि सरांचा धीर होईना. मग अगदी शेवटी आमचा आणखी एक गोल झाला. तेव्हा चेंडू जाळ्यात होता, खेळ थांबला होता, बदली खेळाडू आत घालायला याहून चांगली वेळ नव्हती. आणि आमचे सर काय करत होते? हात पसरून नाचत होते. सहायकाच्या गळ्यात पडून रडत होते. मी त्यांच्या कोपराला धरून हलवलं तेव्हा त्यांना आठवण झाली. पंचानं तपासणी सुरू केली, तोवर तिकडे खेळ सुरू झाला.

बदलीची पाटी वर गेली. स्टेपनी रेषेला बूट लावून उभा राहिला. खेळ थांबल्याशिवाय बदली खेळाडूला आत घेत नाहीत, म्हणजे आता चेंडू एकदा बाहेर जायचा अवकाश होता.

आमच्या पोरांनी चेंडू मिळवला आणि फिरवायला लागली. काय सुंदर फिरवत होती मेली! याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून मागे. समोरचे कुत्र्यासारखे धावत होते, पण चेंडू त्यांच्या पायाला लागत नव्हता. सर घसा फोडून ओरडत होते, बाहेर मारा, बाहेर मारा. पण प्रेक्षकांच्या गोंगाटात शेजारच्याचं ऐकू येत नव्हतं. स्टेपनी मात्र ओरडला नाही. तो नुसता चेंडूकडे बघत होता.

एकदा चेंडू मागे आमच्या पहिल्या गोलकीपरकडे आला. त्याला सगळे हिरो म्हणतात. त्यानं मान वर केली. पाटीवर बाहेर यायचा आपलाच नंबर पाहिला, स्टेपनीला पाहिलं. मी शपथेवर सांगतो, पाहिलं. आणि चेंडू शांतपणे बाजूच्या पोराकडे दिला.

तेवढ्यात शिट्टी झाली.

सगळा बाक मैदानात धावला. स्टेपनीही गेला, सगळ्यांना मिठ्या मारल्या. आता त्या गवताला पाय लागून काय उपयोग होता? हिरो त्याच्यासमोर आला तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, दिसत नव्हता का रे तुला हा? हिरो गोंधळला. स्टेपनीकडे बघत म्हणाला, “तूच सांगितलं होतंस ना, चेंडू बाहेर जाऊ द्यायचा नाही.”

“बरोबर केलंस,” स्टेपनी म्हणाला.

मला अजून वाटतं, हिरोच्या मनात काळंबेरं होतं. नसेलही. पण सरांना मी माफ करणार नाही. पदक घेताना त्यांनी सगळ्यांबरोबर स्टेपनीची पाठ थोपटली आणि म्हणाले, मी बोलतो साहेबांशी, काढू काहीतरी मार्ग. साहेबांचं नावही त्यांना माहीत नव्हतं.

खोलीत आलो. सामना झाला की मालिशच्या टेबलाशी रांग लागते, आणि ती जे खेळले त्यांची असते. हे कुणी ठरवलेलं नाही, पण बाकावरचा माणूस तिथे येत नाही. स्टेपनी आला, गळ्यातलं पदक खिशात टाकलं आणि पालथा पडला. पोटऱ्यांत गोळे आलेत म्हणाला. खरंच आले होते, लाकडासारखे. कप्तान मांडी धरून ताटकळत होता. मी त्याला म्हटलं, थांब.

स्टेपनीचा फोन वाजला. त्यानं मान वळवली नाही. वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. मी तेलकट हातानंच उचलला.

“भाऊजी, टीव्हीवर दिसले हो हे,” वहिनी म्हणाल्या. “रेषेशी उभे होते. मग चित्र बदललं. आत गेले ना?”

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं डोळे मिटून मान हलवली.

“नाही, वहिनी,” मी म्हणालो.

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

“बरं,” त्या म्हणाल्या. “पंपघरातून निरोप आलाय, परतल्यावर पहिल्या पाळीला या म्हणून. नाहीतर दुसरा माणूस बघतील. तेवढं सांगा त्यांना.”

मी सांगितलं. तोंड टेबलात तसंच ठेवून तो म्हणाला, “डावा पाय जरा जोरात दाब.”