गुरुवारची रिकामी यादी

मी महाळुंगे पडवळच्या उज्ज्वलाचा कॉम्प्युटर बोलतोय. बोलतोय कसला, चरफडतोय! दोन हजार पाच साली पुण्यातून सेकंडहँड आलो. मंचरपर्यंत टेम्पोत, पुढं मोटरसायकलवर तिच्या मांडीवर. माझ्यातलं कुणाला काही कळत नाही, पण चापट मारायला सगळे पुढं. चुकायचं यांनी आणि मार मला!

उज्ज्वला कॉलेजात हास्केल नावाची, प्रोग्राम लिहायची भाषा शिकली होती. तिच्यात सगळी फंक्शनं, म्हणजे एकेक हिशेब करणारे छोटे तुकडे. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या; आणि मागितल्याशिवाय एकही हलत नाही, लई आळशी जात! मधेच थांबून कुठं बिनसलं ते बघावं, तर तीही सोय नाही.

तिच्या घरची विहीर तिचे वडील धरून तिघा भावांत. विजेचा नेम नाही, म्हणून पाण्याच्या पाळीवरून रोज भांडण. धाकटा भाऊ वारलेला. त्याची बायको धोंडाबाई तर बोलायलाच कचरायची.

"काकी, पाळी आता मशीन ठरवंल. तुमचा कांदा जळू देत न्हाई," उज्ज्वला म्हणाली आणि प्रोग्राम लिहिला. तपासलाही. पण शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, अशा घरातली पोर! चाचणीला दिलेल्या विजेच्या तासांच्या प्रत्येक यादीत तिनं दोन-चार तास घातलेच, रिकामी यादी एकही नाही.

मग खरा आठवडा आला. मंगळवारी तिचे वडील दादाभाऊ, बुधवारी चुलते कुशाबा, कागदावर झकास छापलं. गुरुवारी धोंडाबाई, आणि नेमकी त्या दिवशी वीजच नाही. तिथंच मी गचकलो. पडद्यावर एवढंच: रिकामी यादी. कुठल्या फंक्शनात, कुठल्या ओळीत, काही नाही. मला ठाऊक होतं हो! पण सांगायची मुभाच नव्हती.

दादाभाऊ खूश. "बघा, धोंडाबाईचं काय न्हाईच. मशीनच बोललं!"

"आबा, आवं चूक माझी हाय!" उज्ज्वला रडकुंडीला आली. दिवसभर खपली. शेवटी मुद्दाम रिकामी यादी घालून पाहिली, तेव्हा कुठं सापडलं. नवा कागद निघाला: वीज नसेल तर पाळी दुसऱ्या दिवशी. शुक्रवार, धोंडाबाई.

"ह्यो खोटा. पयला कागद खरा, ह्यात पोरीनं हात घातलाय," दादाभाऊ म्हणाले आणि शुक्रवारी पाणी आपल्याच वावरात घेतलं.

धोंडाबाईचा कांदा करपला.

आता उज्ज्वला पुण्यात आहे आणि मी माळ्यावर पोत्याखाली. चुकलो तेव्हा माझा शब्द देवाचा, नीट बोललो तेव्हा खोटा! माझं नाव पुढं करून कुणाचं पाणी तोडू नका रे. तोडायचंच असेल, तर धोंडाबाईच्या तोंडाकडं बघून स्वतः 'न्हाई' म्हणा.