नऊ मुलांचा रकाना

“ही नऊ मुलं मिल स्ट्रीटच्या रकान्यात घाला, लोरेटा. दरवर्षीसारखी,” सुपरिंटेंडेंट डग वेलमन डोनट खाता खाता म्हणाला.

लोरेटा पिंकम सव्वीस वर्षं गावच्या शाळा-कचेरीत टायपिंग करत होती. डगला तर तो अर्ध्या चड्डीत असल्यापासून ती ओळखायची. गावात प्राथमिक शाळा दोन, टेकडीवरची ओक रिज आणि कागदगिरणीमागची मिल स्ट्रीट. वाचनात अडखळणाऱ्या मुलांचा खास वर्ग मिल स्ट्रीटला होता. टेकडीवरची तसली मुलं बसने तिथं जायची आणि त्यांचे गुणही तिथंच धरले जायचे. आपलं पोर दुसऱ्याच्या दारात सोडायचं आणि वर त्याच दाराला नाक मुरडायचं, अशातली गत.

“यंदा याच तक्त्यावरून दोनातली एक शाळा बंद करणार ना तुम्ही?”

“कमी गुणांची जाईल. साधी गोष्ट आहे.”

“या नऊतली सात पोरं टेकडीवरची आहेत, डग. तुझा मुलगा केलेबसुद्धा.”

“घरचं इथं आणू नका,” तो बोटं पुसत म्हणाला.

लोरेटाला त्याची किळस आली. सव्वीस वर्षं हेच टाइप करणाऱ्या आपल्या बोटांचीही आली. तिने सातही मुलं ओक रिजला लावली. मिल स्ट्रीट चार गुणांनी पुढे गेली.

संध्याकाळी शाळा-बोर्डाच्या सभेत अध्यक्षांनी तक्ता दोनदा वाचला. “ओक रिज मागे? हे कसं काय?”

“टायपिंगची चूक,” डग हसत म्हणाला. “लोरेटाचं वय झालं आता.”

लोकही हसले.

“चूक नाही,” लोरेटा उभी राहिली. “कुठली मुलं कुठल्या शाळेची, यादी आहे माझ्याकडे.”

“मग वाचा की नावं,” अध्यक्ष म्हणाले.

तिने यादी उघडली. डगचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तिला ते आवडलं. मग तिची नजर मागच्या रांगेकडे गेली. तिथं केलेब बसला होता, शेजारी खास वर्गाच्या आर्डिथ बॉइल बाई. सगळं गाव जमलं होतं. यादीत त्याचं नाव तिसरं होतं.

लोरेटाने यादी मिटली.

“चूक माझीच,” ती म्हणाली.

मिल स्ट्रीट बंद करायच्या बाजूने मतं पडली, पाच विरुद्ध शून्य. इतिवृत्त लिहायचं काम तिचंच होतं, ते तिने लिहिलं. मागे केलेब पुस्तकातल्या एका शब्दावर अडला होता, आणि आर्डिथ बाई ओळीखाली बोट धरून, घाई न करता, त्याच्यासाठी थांबल्या होत्या.