प्रभू माझे आ…

प्र

काना परांचीवर चढला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, आणि त्याच्या बायकोला ऑपरेशनसाठी आत नेऊन दहा मिनिटं झाली होती.

काना हे त्याचं टोपणनाव. उंची सव्वासहा फूट, रुंदी जेमतेम कुंच्याएवढी. कुठल्याही गोल माणसाशेजारी उभा राहिला की अक्षराला काना दिल्यासारखा दिसायचा. बायको गोल होती. त्यामुळे संसार शुद्ध होता.

तीस वर्षं त्याने पाट्या रंगवल्या. आज भिंत होती. चर्चच्या आतली, वेदीमागची, नुकती पांढरी केलेली. तिच्यावर निळ्या रंगात, दीड हात उंच अक्षरांत एकच ओळ काढायची: प्रभू माझे आश्रयस्थान.

खरं तर त्याला दवाखान्यात बसायचं होतं. बायकोने हाकललं. "अहो, माझ्या गळ्यावर सुरी फिरायचीय आणि तोंड तुमचं उतरलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटेल पेशंट तुम्हीच. जा, भिंत रंगवा."

गळ्यात गाठ होती. डॉक्टर म्हणाले होते, "गाठ साधी आहे हो. पण आवाजाची नस तिला बिलगून बसलीय. सोडवायला बघू. सुटली तर सुटली."

आणि नस न सुटली तर? तर आवाज गेला. बायको बसस्थानकावर गाड्या पुकारायची. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली हे ती माइकवर सांगायची आणि अर्धं शहर पिशव्या सावरत त्या आवाजामागे धावायचं. घरी तोच आवाज पुकारायचा: ओला टॉवेल खाटेवर नाही, दोरीवर.

भू

"भू दीर्घ!" खालून कोणीतरी ओरडलं.

खाली बाजाच्या पेटीशी पाळकांची आत्या बसली होती, रविवारच्या गीतांचा सराव करत. पाळकांची आत्या म्हणून सगळ्या मंडळीची आत्या. चाळीस वर्षं शाळेत शुद्धलेखन शिकवून ती निवृत्त झाली होती, पण निवृत्ती तिला मान्य नव्हती.

"दीर्घच काढतोय, आत्या."

"मागच्या पेंटरने ऱ्हस्व काढला होता. प्रभू लहान झाला."

"मग काय केलंत त्याचं?"

"पन्नास वेळा लिहायला लावलं."

मा

काना अश्रद्ध मुळीच नव्हता. दर रविवारी मागून दुसऱ्या बाकावर, लांब पाय पुढच्या बाकाखाली कोंबून बसायचा. पण डॉक्टरांचं ते 'सुटली तर सुटली' ऐकल्यापासून, म्हणजे आज बारा दिवस, त्याची प्रार्थनाच बंद पडली होती. डोळे मिटायचे, 'देवा' म्हणायचं, आणि पुढे काही नाही. रिकाम्या डब्यात कुंचला फिरवल्यासारखं. खर्र, खर्र.

शेवटी तो पाळकांकडे गेला. पाळक वयाने लहान, दाढीसुद्धा अजून नीट न आलेले.

"पाळकसाहेब, माझी प्रार्थना 'देवा'च्या पुढे सरकत नाही."

"मग लिहा. भिंत तयारच आहे."

"लिहून होईल का काही?"

"ते मला काय माहीत, दादा? मी पाळक आहे, पेंटर नाही."

झे

झ म्हणजे अक्षरांतला गुंता. घाई केली की फसला. त्यात वर मात्रा. अकरा वाजले. फोन नाही.

आ

आ सोपा. आ म्हणजे नुसतं उघडं तोंड. तिचंही आत्ता असंच उघडं असेल, नळी घालायला, असा विचार त्याच्या डोक्यात आला आणि परांची जराशी हलली. खरं म्हणजे कानाच हलला होता. खिशात फोन थरथरला. मेव्हणी! ती दवाखान्यात बसली होती.

"भाऊजी, काही नाही."

"म्हणजे काय काही नाही?"

"म्हणजे अजून आतच आहे ताई. काही कळलेलं नाही, एवढंच सांगायला फोन केला."

"कळलं नाही तर फोन कशाला करतेस? माझा जीव जातोय इथे वर!"

"तुम्हीच सांगितलं होतं ना, दर अर्ध्या तासाने कर!"

"मग साडेदहाला का नाही केलास?"

"अहो, तेव्हापण काही नव्हतं!"

श्च

हात चालू होता. काना हजर नव्हता.

र्य

हात चालू. टर्पेंटाइनचा वास. डोक्यात बसस्थानक: चार नंबरच्या फलाटावर गाडी उभी आहे, माणसं उभी आहेत, माइक आहे, आवाज नाही. कुठे धावायचं कोणालाच कळत नाही.

थांबा

बाजाच्या पेटीतून एकदम सात सूर एकत्र किंचाळले. आत्याने वळून भिंतीकडे पाहिलं होतं आणि तिचे दोन्ही कोपर पट्ट्यांवर पडले होते.

"वाच," ती म्हणाली. "मोठ्याने वाच, काय लिहिलंयस."

कानाने मान मागे घेतली. जवळून अक्षरं नुसते डोंगर दिसतात. वाचायला लांब व्हावं लागतं. तो परांचीच्या टोकापर्यंत मागे सरकला.

"प्रभू माझे… आश्चर्य."

गेला महिनाभर त्याने एका जादूगाराच्या पाट्या रंगवल्या होत्या. चाळीस पाट्या, प्रत्येकीवर तीन-तीनदा: आश्चर्य! आश्चर्य! आश्चर्य! एकशेवीस वेळा तोच शब्द. मन दवाखान्यात गेलेलं बघून हाताने आपलं पाठ झालेलं लिहून टाकलं होतं. आ काढला की पुढे श्चर्य. हाताला काय, देव आणि जादूगार सारखेच.

"अयाई गं," काना म्हणाला, आणि त्याला घाम फुटला. देवाच्या घरात, देवाच्या भिंतीवर, आणि तेही आज! आज, जेव्हा त्याची नजर आपल्याकडे असावी म्हणून एवढा आटापिटा!

आवाज ऐकून पाळक धावत आले. त्यांनी वाचलं. परत वाचलं. "आश्चर्य… आणि पुढे स्थान येणार होतं ना? आश्चर्यस्थान." त्यांचे ओठ दाबलेले होते. "अर्थाने चूक नाही म्हणता येणार."

"शुद्धलेखनातही चूक नाही," आत्या हताश होऊन म्हणाली. "रफार अगदी जागच्या जागी. तीच तर पंचाईत आहे!"

आणि तिच्या नाकातून एक आवाज निघाला. शुद्धलेखनाच्या बाईच्या नाकातून निघू नये असा. मग पाळकांना फुटलं. मग वर काना. आधी खांदे, मग पोट, मग परांचीच्या फळ्या, मग फळ्यांवरचे डबे. एवढा उंच माणूस हसायला लागला की हसू टोकापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि परत यायलाही. तो हसता हसता फळीवर बसला, पाय खाली लोंबकळत, डोळ्यांतून पाणी.

"पण पुसा हं, दादा," पाळक डोळे पुसत म्हणाले. "काय वाटेल ते लिहायला भिंत आपली नाही."

पुसताना

रंग ओला होता. काना टर्पेंटाइनच्या फडक्याने श्चर्य पुसू लागला आणि स्वतःशीच पुटपुटू लागला.

"बघितलंस ना देवा? तीस वर्षं हात बसवला आणि तुझ्या घरात येऊन जादूगाराची पाटी लिहिली. हसू नकोस. नाही, हस, मीही हसतोय. जादूगाराने मला फुकट पास दिलाय, तुला दाखवतो. तर ऐक. तिचा आवाज राहू दे. बारा दिवस हेच सांगायचं होतं, जमत नव्हतं. राहू दे तो आवाज. आणि नाही राहिला…"

फडकं थांबलं.

"नाही राहिला तर मी लिहीन. फलाट एक, फलाट दोन, हव्या तेवढ्या पाट्या लिहीन. टॉवेल दोरीवर, हीसुद्धा लिहून टांगीन घरात. फक्त तू आमच्याकडे राहायला ये. तिचं गप्प राहणं मला एकट्याला झेपायचं नाही."

फडकं परत फिरू लागलं. मध्येच त्याच्या लक्षात आलं की आपण 'देवा'च्या किती पुढे आलोय! आश्रय म्हणजे आधी दार शोधायचं, मग कडी वाजवायची, मग कोणी उघडलं तर आत जायचं, असं त्याला आजवर वाटायचं. आणि इथे तो केव्हाचा आत येऊन पाय पसरून बसला होता. दार कधी ओलांडलं होतं कोण जाणे! पोटातली भीती गेली नव्हती. पण तिलाही आता बसायला जागा मिळाली होती.

श्र

श्र काढून होतोय तोच फोन.

"भाऊजी! बाहेर आणलं! शुद्धीवर आली!"

"आणि?"

"आणि काय? नर्स म्हणते, बोलायचं नाही."

"बोलायचं नाही की बोलता येत नाही?"

"तेच तर कोणी सांगत नाहीये! डॉक्टर म्हणतात, शब्द आला की कळेल."

"फोन तिच्या कानाशी धर."

"अहो, पण ती बोलणार…"

"मी बोलतो. तू धर."

पलीकडे चादर खसफसली. ढकलगाडीचं चाक कुरकुरलं. मग श्वास. तिचा. कानाला तो हजारांत ओळखू आला असता. काय बोलावं? बरी आहेस ना? दुखतंय का? त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"अगं, मी वेदीमागे आश्चर्यस्थान लिहिलं."

श्वास थांबला.

"आश्रयस्थान लिहायचं होतं. आश्चर्य झालं. जादूगाराच्या पाट्यांमुळे. आत्यांचे कोपर पेटीवर आपटले. पाळकसाहेब हसले. मी पुसलं. म्हणजे पुसतोय. म्हणजे…"

पलीकडून गंजलेली खिडकी उघडावी तसा आवाज आला. घोगरा, फाटका, अर्धा हवेचा, पण आवाज.

"गा… ढव."

बावीस वर्षांत तिने त्याला 'अहो'खेरीज दुसरी हाक मारली नव्हती.

य

य नंतर निघाला. त्याआधी काना परांचीवर उभा राहिला, ताडकन, डोकं छताला आपटलं, तेही त्याला कळलं नाही.

"देवा! मला गाढव म्हणाली! ऐकलंस? गाढव! स्पष्ट! ढ सकट!"

"आणि ग घशातून येतो," खालून आत्याने निकाल दिला. "पास."

पाळक दोन्ही हात वर करून उभे होते. ते आशीर्वाद देत होते की वरून डबा पडला तर झेलायला उभे होते, ते सांगता येणार नाही. "गाढवाला कमी लेखू नका, दादा," ते म्हणाले. "बायबलात प्रभू शहरात आला तो गाढवावर बसूनच."

"म्हणजे माझ्या प्रार्थनेला आमेन म्हणणार का तुम्ही? 'देवा'च्या पुढे आता एकच शब्द आहे."

"एकच पुरे. म्हणा परत."

काना भिंतीकडे वळला. हातातल्या कुंच्यातून निळा रंग कोपरापर्यंत ओघळत होता. त्याने डोळे मिटले, मान खाली घातली, रविवारी घालतात तशी.

"देवा," तो म्हणाला, "गाढव."

"आमेन," पाळक म्हणाले, आणि आत्याने पेटी दुप्पट लयीत सोडली.