एका घाताचं अंतर

"सर, बारामतीस्नं रिपोर्ट आलाय. आकडा हाय, पन वाचता येत न्हाय. तेवढं येऊन जावा."

जोतीरामचा फोन. मी पणदऱ्यात आयुष्यभर गणित शिकवलं. वैद्यकातलं मला काही कळत नाही, असं सांगूनही पाहिलं. पण शेजाऱ्याला नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही.

गेलो, तर ओसरीवर भरलेली बॅग होती. सून निकिता आतल्या दाराशी उभी. लग्नाला पाच वर्षं होऊन मूल नव्हतं. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, कशात दोष निघाला नाही. तरी आज तिचा भाऊ इंदापूरहून तिला न्यायला येणार होता. परत कधी आणायचं, याबद्दल घरात कोणी बोलत नव्हतं. तिच्या हट्टापायी अविराजने, तिच्या नवऱ्याने, आपलीही तपासणी करून घेतली होती. डॉक्टर मात्र सोमवारपर्यंत बाहेरगावी.

अविराज माझा जुना विद्यार्थी. त्याने मान खाली घालूनच मोबाइल पुढे केला. शुक्राणूंची संख्या, दर मिलिलिटरला: २.१ × १०⁶.

"ह्यो वर बारका सहा कशाचा?" जोतीरामने विचारलं.

"दहाचा सहावा घात. दशांशचिन्ह सहा घरं उजवीकडे न्यायचं." वीजबिलाच्या पाठीवर मी लिहिलं: २१,००,०००.

"एकवीस लाख!" जोतीरामने मांडीवर थाप मारली. "अन् म्हनं पोराला तपासा! एकवीस लाखातला एक बी कामाचा न्हाय व्हय?"

"मी पयल्यापास्नं सांगत हुते," जोतीरामची बायको लीलाबाई म्हणाल्या. "आमच्या घरान्यात असलं काय न्हाय. आता बोलू द्या इंदापूरकरांना."

मी उठलो. खरं तर त्याखालची ओळ मी वाचली होती. सोमवारी डॉक्टर सांगतीलच, असं मनाशी म्हणालो. माझं चुकलं तर? आणि पोराच्या आईबापासमोर असल्या विषयावर बोलणारा मी कोण? चप्पल घालायला गेलो, तर बॅग आडवी आली. सोमवारपर्यंत निकिता इथे राहणार नव्हती.

"सर," निकिता हळूच म्हणाली, "खालच्या ओळीतला आकडा बी लिहून द्या की."

ती बारावी सायन्स झालेली. तिने तो वाचलेला असणारच. तिच्या तोंडून कोणी ऐकलं नसतं, एवढंच.

"तू मधी बोलू नगं," लीलाबाई कडाडल्या.

मी परत बसलो. पुन्हा पेन घेतलं. किमान अपेक्षित: १.५ × १०⁷. पहिल्या संख्येखाली, एककाखाली एकक ठेवून लिहिलं: १,५०,००,०००.

"दीड कोटी," जोतीराम हसत म्हणाला. "हे कुनाचं?"

"कमीत कमी इतके असावे लागतात."

तो हसायचा थांबला. कागद जवळ ओढून त्याने दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं, मग गोठ्याकडे बघत म्हणाला, "गाय भरवायच्या रेताच्या एका कांडीत बी दोन कोटी असत्यात. गुरांचा डॉक्टर सांगत हुता."

"सर, नीट बगा. शून्य जास्तीचं पडलं असंल," लीलाबाई म्हणाल्या.

मी पुन्हा मोजली. मलाही तसंच व्हायला हवं होतं. शून्यं बरोबर होती.

"म्या वाचलं हुतं," अविराज म्हणाला. "हितं सहा, तितं सात. म्हनलं, एकाचाच तर फरक हाय."

"एक घात म्हणजे दहापट असते रे." वर्गात हे मी खडू आपटून सांगायचो. आज हळूच म्हणालो. "इथं, आधीचे आकडे धरून, सातपट कमी आहे. पण उपाय असतात म्हणे. डॉक्टरांना विचारा. मला फक्त संख्या वाचता येते."

बाहेर मोटारसायकल थांबली. निकिता जागची हलली नाही. अविराज उठला आणि त्याने बॅग उचलली. तो दाराबाहेर निघाला असं मला वाटलं. पण तिच्या शेजारून तो बॅग घेऊन घरात गेला.

"सोमवारी दोगं जाऊ," आतून त्याचा आवाज आला.

जोतीरामने कागदाची घडी करून खिशात घातली आणि तो निकिताच्या भावाला सामोरा गेला. "या पाव्हनं, च्या घ्या." घसा खाकरून पुढे म्हणाला, "पोरीला न्यायचं मात्र न्हाय आता."

लीलाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांच्याकडे न बघता मी चप्पल घातली.