गोऱ्यांचा गोलकीपर

मेकअपवाल्यानं बाळासोच्या मानेवर पांढरी पावडर थापली आणि डोक्यावर सोनेरी टोप दाबून बसवला.

"हलू नका, साहेब."

"साहेब आसंल तुझा बा," बाळासो म्हणाला.

मुंबईचे सिनेमावाले कोल्हापुरात येऊन काय दिवे लावणार, ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. गोष्ट काय, तर इंग्रजांच्या काळात गावची अनवाणी पोरं गोऱ्या पलटणीला फुटबॉलमध्ये हरवतात. शेवटच्या मिनिटाला गोल, मग जयजयकार. दिग्दर्शकाला म्हणे खरे खेळाडू पाहिजे होते. त्यानं घारे डोळे बघून मंगळवार पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाची पोरं, गोलकीपर बाळासोसकट, गोरी केली. आणि देशभक्त कोण? तर पलीकडच्या पेठेचा संघ, ज्यांच्याशी सामना असला की मैदानावर पोलिसांची गाडी आधी येते. एवढी अक्कल विकत मिळत नाही, ती जन्मतःच घेऊन यावी लागते.

बाळासोनं हे सोंग घेतलं ते एकाच कारणासाठी. त्याचे वडील केरबा जुने पैलवान. पोराचा एकही सामना त्यांनी कधी पाहिला नव्हता. "चेंडूमागं पळाय काय रग लागतीया व्हय?" असं म्हणून थुंकायचे. पण सिनेमाला गर्दीत फेटेवाली माणसं हवी होती, दुपारी मटणाचं जेवण होतं, म्हणून म्हातारा आज मैदानात येऊन बसला होता. त्यानं एकदा तरी आपला खेळ बघावा, एवढंच बाळासोला हवं होतं.

शिट्टी झाली. पलीकडच्या पेठेचा धैर्यशील चेंडू घेऊन आला. तो डावीकडे मारणार, बाळासोनं उजवीकडे उडी टाकून गोल होऊ द्यायचा, असं ठरलेलं. जवळ येताच धैर्यशीलनं डोळा मारला. संपलंच मग. बाळासोनं डावीकडे झेप घेतली आणि चेंडू छातीशी आवळला.

गुलामगिरीत पिचलेली ती अख्खी जनता गोऱ्यांसाठी बेभान झाली. सगळी मंगळवार पेठच होती ती. केरबांनी तर फेटा हवेत उडवला आणि शड्डू ठोकत नाचायला सुरुवात केली.

"गोल होऊ द्यायचा होता ना?" दिग्दर्शक ओरडला.

"ह्याला? न्हाय हुनार," बाळासो म्हणाला.

मग सोनेरी टोप दुसऱ्याच एकाच्या डोक्यावर चढला आणि त्याला पाठमोरा ठेवून गोल टिपून घेतला गेला. घरी केरबांनी त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाही.

सिनेमा लागला तेव्हा बापलेक पहिल्याच खेळाला गेले. शेवटच्या मिनिटाला चेंडू जाळ्यात गेला, थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं, आणि लगेच पडद्यावर केरबा आले. फेटा उडवत, शड्डू ठोकत, बाळासोवर गोल झाल्याच्या आनंदात नाचत होते.

केरबा खुर्चीतून उठले.

"खोटं हाय हे. मी गोलासाठी नाचलो न्हाय. माझ्या पोरानं चेंडू आडीवला, म्हणून नाचलो."

"आज्जा, बसा खाली," मागून कुणीतरी म्हणालं. "देश जिंकलाय."

"जिंकू दे की. आधी माझं पोरगं जिंकलं हुतं."

बाळासोनं त्यांना खाली बसवायला हात धरला, पण त्याला काही तो ओढवेना.