दिलरुब्यासाठी दोन माईक

"फुंकलास काहून बे?" श्रीरंग ओरडला आणि त्यानं धाकट्या भावाच्या कानशिलात उजव्या हातानं काडकन लगावली.

रत्नाकर कोलमडला. मांडीवरचा दिलरुबा फरशीवर आपटला. "दादा, चालू आहे का तेच पाहून राहिलो होतो ना मी!"

बिचाऱ्याचं चुकलं तरी काय? दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या सभांत माईक हाती आला की आधी दोनदा फुंकायचं, ही सगळ्यांचीच सवय. पण तो माईक लोखंडी, डोक्यात घातला तर डोकं फुटेल असा. हा दुसरा, पट्टीचा, श्रीरंगनं सराफा बाजारातल्या रेडिओ-दुकानदाराच्या हातापाया पडून मागून आणला होता. आत कागदाहून पातळ पट्टी. जोराची फुंकर बसली की फाटलीच. कारखान्याचे माईक आणि भोंगे सांभाळणाऱ्या श्रीरंगला हे ठाऊक होतं. भावाला सांगायचं मात्र राहून गेलं.

दिलरुब्याची टेप आकाशवाणीकडे पाठवायची होती. तिथं नोकरी लागली तर रत्नाकर बारूद भरायच्या शेडमधून सुटणार होता. लोखंडी माईकवर दिलरुबा करवतीसारखा ऐकू येई, म्हणून हा खटाटोप. पारखून घ्यायला दोन्ही माईक जोडले होते आणि टेप फिरत होती.

"भाषणाचाच माईक लाव म्हटलं होतं!" रत्नाकरनं उठून श्रीरंगला कपाटावर ढकललं. श्रीरंगची भुवई फुटली. "नाही वाजवत जा! शेडच बरी मले!"

एकाहत्तरची लढाई पेटली होती, कारखान्यात डबल पाळ्या होत्या. त्याच आठवड्यात स्फोटात शेड उडाली. पत्रे, विटा, माणसं, सगळं एकत्र पडलं होतं. श्रीरंगनं भावाला ओळखलं ते डाव्या हाताच्या बोटांवर तारांनी पाडलेल्या घट्ट्यांवरून. तेवढा हात शाबूत होता.

तेरावं झाल्यावर रत्नाकरची बायको लतिका पनागरला माहेरी निघाली. पिशवी दाराशी ठेवून ती म्हणाली, "भाऊजी, ती टेप लावा."

"त्यात वाजवणं नाही गं. काहीच नाही."

"लावा जी."

तारा जुळवल्याचा आवाज आला. मग दोन फुंकरी, मऊ, अगदी कानाशी आल्यासारख्या. तेवढ्या टिपून पट्टी फाटली होती. पुढचं सगळं लोखंडी माईकनं धरलं होतं : चापट, दिलरुबा आपटणं, "दादा," धडपड आणि "शेडच बरी मले."

श्रीरंग हुंदके देऊ लागला. "ती चापट कापून टाकतो मी. बाकीचं घेऊन जा."

"नका कापू." लतिका रडत नव्हती. "तिच्या आधी त्यांचा श्वास आहे. नंतर त्यांचा आवाज आहे. मधलं काढून मी काय ऐकू?"

श्रीरंगनं डोळे पुसले.

"पुन्हा लावा, भाऊजी."

त्यानं टेप मागं फिरवली, बटण दाबलं आणि उजवा हात मांडीखाली दाबून बसला.